जर्मनचे व्याकरण आणि मराठवाड्यातील विद्यार्थी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. तेव्हापासून नांदेड-लातूरकडील पालक जर्मन भाषेविषयी विचारणा करतात. धास्ती मात्र व्याकरणाची.

ही धास्ती आम्हांस अनाठायी वाटते. हिंदीत लिंगे दोन, जर्मनमध्ये मराठीप्रमाणे तीन. 'डेर, डी, डास' म्हणजे आपले तो, ती, ते. जुळणी अर्थात एकसारखी नाही: तेथे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! (आपणही मुलीला 'ते पोर' म्हणतोच.) विभक्ती आपण नामाला प्रत्यय लावून दाखवतो, तेथे बहुधा नामाआधीचा 'डेर' बदलून 'डेन' किंवा 'डेम' होतो. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही आपल्या कानाला ओळखीचे.

खरी अडचण निराळी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर जर्मनला वाव दिला. पण माक्स म्युलर भवन मुंबई-पुण्यात आणि 'लातूर पॅटर्न'चे सारे बळ प्रवेशपरीक्षांकडे. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यतेसाठी सामान्यतः बी-२ स्तर लागतो. तो शिक्षण संपल्यावर घाईने, भरमसाट शुल्क भरून गाठण्याची वेळ गरीब घरातील मुलीवर येते. आमच्या शाळांनी आठवीपासून जर्मनचा एक जादा तास ठेवावा. शिक्षक मिळेपर्यंत निदान मराठी व्याकरणाचा तास तरी गाईडवर सोपवू नये.