१७० रुपयांचा शिधा

रेशनचे धान्य बंद करून त्याऐवजी रोख पैसे द्यावेत की देऊ नयेत, हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गांतून पुष्कळ वर्षे रंगला आहे. जालना जिल्ह्यातील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांच्या बाबतीत मात्र तो वर्गाबाहेर पडून थेट चुलीपर्यंत पोहोचला, आणि तोही त्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईचे मत न विचारता. मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांना या घटनेची दखल दोन-चार ओळींपलीकडे घ्यावीशी वाटली नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी ती अधिक बारकाईने पाहावयास हवी.

प्रकरणाचा पूर्वेतिहास असा. २०१५ च्या दुष्काळी वर्षात राज्य शासनाने शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी एक योजना आणली. मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा हे ते १४ जिल्हे होत. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत यावयाचे तर महाराष्ट्रात ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४४ हजारांच्या आणि शहरी कुटुंबाचे ५९ हजारांच्या आत असावे लागते. या रेषेच्या वर, परंतु १ लाखाच्या आत असलेला केशरी कार्डाचा शेतकरी त्यातून निसटत होता. सातबाऱ्यावर चार एकर जमीन आहे आणि विहिरीला फाल्गुनानंतर पाणी नाही, अशा कुटुंबाला कागदावर गरीब म्हणण्याची सोय नव्हती. २०१२-१३ च्या अवर्षणात अंबड, घनसावंगी, जालना या भागातील मोसंबीच्या बागा ज्यांनी डोळ्यांदेखत जळताना पाहिल्या, त्यांना या कागदी श्रीमंतीचे मोल ठाऊक आहे. तेव्हा अशा कुटुंबांनाही माणशी दरमहा ५ किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो या दराने द्यावे, असे ठरले. निर्णय योग्य होता. तो ज्यांच्या राजवटीत झाला त्यांच्याशी पक्षाचे मतभेद असले तरी हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पुढे २०२२ साल आले. मार्चमधील उष्णतेच्या लाटेने उत्तरेकडील गव्हाचा दाणा बारीक पडला, युद्धामुळे जगाच्या बाजारात भाव चढले, व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा अधिक देऊन माल उचलला आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली. १३ मे २०२२ रोजी केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली. कोठारात माल कमी आहे म्हटल्यावर कायद्याच्या यादीबाहेरच्या योजनांचे धान्य प्रथम थांबले. जालन्याचा केशरी शेतकरी कायद्याने नव्हे, तर शासनाच्या कृपेने धान्य घेत होता. आणि कृपा आटावयास एक पत्र पुरते. काही महिने काहीच मिळाले नाही. त्यानंतर जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० झाली.

धान्यच उपलब्ध नव्हते, असे यावर सांगितले जाते. मग त्याच २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ या नावाने रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल यांचा संच १०० रुपयांत याच १४ जिल्ह्यांतील याच केशरी शेतकऱ्यांना, याच दुकानांतून कसा देता आला? खरेदी, वाहतूक, वाटप या सर्व यंत्रणा सणापुरत्या जाग्या होऊ शकतात; गव्हा-तांदळासाठी मात्र त्यांचे हातपाय गळतात. पिशवीवर छायाचित्र छापता येते, बँकेच्या नोंदीवर येत नाही, हे तर त्यामागचे कारण नसेल?

आता हिशेब मांडावा. पूर्वी माणशी ५ किलोत साधारणतः ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ असे. त्यासाठी घरातून १२ रुपये जात. २०२४ मध्ये देशभरातील किरकोळ भावाची सरासरी गव्हाला किलोमागे ३० रुपयांच्या वर आणि तांदळाला ४० रुपयांच्या वर होती. तीन तिसे नव्वद, दोन चाळीस ऐंशी, एकूण १७०. हिशेब तंतोतंत जुळतो. इतका, की तो उत्तरापासून मागे मांडला असावा अशी शंका यावी. परंतु ३० आणि ४० हे भाव तळाचे आहेत. त्यावर किलोमागे ४ रुपये चढले की ५ किलोला २० रुपये कमी पडतात, म्हणजे जुन्या दराने सगळ्या शिध्याला पडत त्याहून अधिक. आणि पहिले वर्षभर तर रक्कम १५० च होती.

बँकेत जाण्याचा खर्च निराळा. खेड्यातील बाईला शाखेपर्यंत जाऊन येण्यात बहुधा दिवस मोडतो. रोजगार हमीची २०२४-२५ मधील महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरात दोनच माणसे असतील तर महिन्याच्या ३४० रुपयांसाठी जवळजवळ तेवढीच मजुरी बुडवावी लागते. पाच माणसांच्या घराला ८५० मिळतात. तेथेही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम एका फेरीत गेली. शहाणी बाई अर्थातच दर महिन्याला जात नाही. तीन-चार महिन्यांचे साठू देते आणि एकदम काढते. तोपर्यंत घरात धान्य कोठून येते? किराणा दुकानातून, उधारीवर, दोन-दोन किलोंनी.

काटकसरीवर भाषणे देणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. मराठवाड्यातील खाऊनपिऊन सुखी घर गहू कसा घेते? चैत्र-वैशाखात नवा माल बाजारात येतो तेव्हा मोंढ्यावरून पोती आणली जातात. गहू निवडून, ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरला की वर्षाची निश्चिंती होते. हंगामात स्वस्त, ठोक घेतल्याने आणखी स्वस्त, वर प्रत पाहून घेता येते. गरीब घर तोच गहू श्रावणात, भाव चढल्यावर, किरकोळीने आणि उधारीच्या चढ्या दराने घेते. काटकसर हा गुण खरा, पण तो अंगी बाणवण्यासाठीही हाताशी थोडी रोकड लागते. पाच जणांच्या कुटुंबाचा वर्षाचा शिधा ३ क्विंटल आणि वर्षाची रक्कम १०,२०० रुपये. ही रक्कम एप्रिलमध्ये एकरकमी मिळाली असती तर त्याच बाईने मोंढ्यावर तिचे सोने केले असते. तुकड्यातुकड्याने आणि वेळेचा भरवसा नसताना आली, तर ती उधारीच्या वहीत जिरते. स्वस्त धान्य दुकानाने नेमके हेच काम केले होते. हंगामात ठोक खरेदी करून, साठवून, बारा महिने एकाच भावाने देणे, म्हणजे खात्यापित्या घराची काटकसर सरकारने गरिबासाठी करणे. रोख रकमेत धान्याचे पैसे आले. ही काटकसर गळून गेली.

भाववाढीचा धोका कोणी वाहावयाचा, हा या व्यवहारातील मूळ प्रश्न आहे. शिधा धान्यात असतो तेव्हा बाजार भडकला की तोटा सरकारच्या खात्यावर पडतो, म्हणून भाव आवरण्याची गरज सरकारला भासते. शिधा रुपयांत ठरला की सरकारचा खर्च ठरून जातो आणि महागाई घरच्या डब्यात येऊन बसते. १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा सवाल केला, तेव्हा दिवसाकाठी माणसाच्या वाट्याला काय येते, हेच मोजून दाखवण्याचा त्यांचा आग्रह होता. १७० रुपयांना ३० दिवसांनी भागले तर पावणेसहा रुपयेही होत नाहीत. ‘दाम बांधो’ ही घोषणा जुनी झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भागाकार करून पाहावा.

तंत्राचा विचार याच संदर्भात करावयास हवा. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. त्यानंतर काही वर्षांतच रेशन दुकानांतून ई-पॉस यंत्रे आली. यंत्र आले म्हणून बोटे मोडणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलणारे दुकानदार या जिल्ह्यालाही अपरिचित नव्हते. यंत्राने त्यांना बराच आळा बसला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला कारखान्याच्या गावी आपले धान्य उचलण्याची सोय झाली, हाही मोठा लाभ आहे. परंतु अंगठा घेतल्यावर पाच किलोऐवजी साडेचार किलो मापणाऱ्याला यंत्र अडवू शकत नाही. कापूस वेचून आणि खुरपणी करून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना ते ओळखत नाही, आणि संपर्क नसला की सारी रांग झाडाखाली बसवून ठेवते. २०२४ पासून प्रत्येक सदस्याच्या ई-केवायसीची मोहीम निघाली. मुदतीवर मुदत वाढवावी लागली, यावरून दोष लोकांच्या आळसाचा किती आणि व्यवस्थेचा किती, हे कळण्यासारखे आहे.

तरीही त्या रांगेत भांडता येत होते. यंत्र अंगठा नाकारते तेव्हा दहा माणसे पाहत असतात. दुकानदाराला तोंड द्यावे लागते, सरपंचाला हाक मारता येते. रोख रकमेची गोष्ट वेगळी आहे. आधारद्वारे पाठवलेला पैसा ज्या खात्याशी आधार शेवटचा जोडला गेला, त्या खात्यात जातो. एका बाईचे एक खाते जिल्हा बँकेत, दुसरे बचत गटाच्या निमित्ताने, तिसरे कोणत्या तरी शिबिरात शून्य रकमेवर उघडलेले. पैसे कोठे पडले, हे तिला ठाऊक नसते. बँक म्हणते तहसीलला विचारा, तहसील म्हणते आधार तपासा, आधार केंद्रावरची व्यक्ती दुसऱ्या दिवशी यावयास सांगते. या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, आणि तरीही पैसे मिळत नाहीत.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हा लाटणे कोणावर उगारावयाचे, हे स्पष्ट होते. दुकान दिसत होते, गोदाम दिसत होते, मंत्र्याचे दार ठाऊक होते. जमा न झालेल्या १७० रुपयांचा मोर्चा कोणाच्या दारावर न्यावा? प्रत्येकीची अडचण वेगळ्या बँकेत, वेगळ्या कारणाने आणि एकटीची. धान्य खात्यावर गेले तेव्हा तक्रार करणाऱ्यांचा समुदायच मोडला, आणि चळवळीच्या दृष्टीने हे नुकसान रकमेच्या तुटीपेक्षा मोठे आहे.

रोखीच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे मात्र नव्हे. जालन्याच्या खेड्यातील जेवण ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे. रेशनने त्याला गहू-तांदूळ खावयास लावले. पैसे हाती आले तर ज्वारी घेता येते. किडका, ओला माल नाकारता येतो, दुकानदाराची मिजास सोसावी लागत नाही. म्हणूनच काही कुटुंबे रोखच मागतील, आणि त्यांना ती मिळावी. तथापि निवड त्यांची असावी. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी येथे ऑक्टोबर २०१७ मध्ये धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याचा प्रयोग लादला गेला. लोक बँक आणि दुकान यांत हेलपाटे घालून थकले, फेब्रुवारी २०१८ मध्ये रांचीपर्यंत पायी चालत गेले आणि ऑगस्टमध्ये सरकारला प्रयोग मागे घ्यावा लागला. तेथे सगळे गावच्या गाव एकाच योजनेत होते, म्हणून चालावयास माणसे मिळाली. जालन्यात एकाच आळीत पिवळे कार्ड धान्य उचलते आणि शेजारचे केशरी कार्ड मोबाइलवरच्या संदेशाची वाट पाहते. तरीही मागण्या ठरवता येतात. केशरी शेतकऱ्याचा हक्क कायद्याच्या यादीत यावा. तोपर्यंत रोख की धान्य, हे कुटुंबाने वर्षातून एकदा ठरवावे, आणि धान्य मागणाऱ्याला कायद्यात १ रुपया दराने सांगितलेले भरड धान्य, म्हणजे येथील ज्वारी, उचलण्याची मुभा असावी. रोख घेणाऱ्याची रक्कम बाजार समितीच्या भावाशी बांधलेली असावी आणि एप्रिलमध्ये एकरकमी मिळावी.

अन्नसुरक्षा कायद्याने दुकानापर्यंतच्या दक्षता समित्या सांगितल्या आहेत. पुष्कळ गावांतून त्या केवळ ठरावाच्या वहीत आहेत. रोख योजनेची कुटुंबे त्यांच्या कक्षेत धरावीत, असा आग्रह ग्रामसभेत धरता येतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतातच. त्याआधीच्या आठवड्यात कार्यकर्त्याने वही घेऊन केशरी कार्डाच्या घरी जावे. शेवटचे पैसे कोणत्या महिन्याचे, कोणत्या बँकेत आणि किती आले, एवढेच लिहून घ्यावे आणि ती यादी सभेत मोठ्याने वाचून ठरावाला जोडावी. मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील पाच गावांच्या अशा याद्या एकाच दिवशी तहसीलच्या पुरवठा शाखेत दाखल झाल्या, तर प्रत्येकीला वेगवेगळ्या खिडकीवर पाठवणे तेथील अव्वल कारकुनालाही जमणार नाही.