नोकरीचा शेवटचा दिवस आणि प्रकृती

दरवर्षी ३१ मे रोजी आपल्या जिल्ह्यात निरोप समारंभांची एकच गर्दी उडते. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, कुठेही जा. कुठल्या तरी शाळेत किंवा कचेरीत हार-तुरे आणि भाषणे चालू असतातच. याचे मूळ आपल्या जुन्या शाळांच्या रजिस्टरात आहे. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्मतारखेची नोंद क्वचितच असे. ‘बहात्तरच्या दुष्काळात पोर चार वर्षांचं होतं’ एवढेच आई सांगे. मग गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख १ जून लिहीत. राज्य शासनाच्या नियमानुसार ज्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण होतात (गट ड साठी ६०), त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीसच. म्हणून ही ३१ मेची गर्दी!

आता यात आरोग्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये मनावर ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी गुणांसह प्रसिद्ध केली. जोडीदाराच्या मृत्यूला त्यांनी १०० गुण दिले, लग्नाला ५० आणि सेवानिवृत्तीला ४५. म्हणजे आपण ज्याला आनंदाचा सोहळा समजतो, त्याचा भार मनावर जवळजवळ लग्नाइतकाच पडतो. लग्नाची तयारी आपण महिनोन्महिने करतो. निवृत्तीची तयारी मात्र शाल आणि श्रीफळ आणण्यापलीकडे जात नाही.

प्रथम त्या दिवसाचेच पाहू. मे अखेरचे ऊन, पत्र्याचा किंवा कापडी मंडप, डोक्यावर घट्ट फेटा, गळ्यात दहा हार, अंगावर शाल आणि समोर बारा वक्ते. अकराचा कार्यक्रम एकला सुरू होतो आणि जेवायला तीन वाजतात. सत्कारमूर्तीला मधुमेह असेल आणि सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असेल, तर उशिरा जेवल्याने रक्तातील साखर एकदम उतरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणे अडखळते. मंडळींना वाटते, साहेबांना गहिवरून आले! अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर किंवा गुळाचे पाणी द्यावे. छातीत दुखून घाम आला, तर मात्र ‘मन भरून आलं असेल’ म्हणत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

या गोष्टी टाळणे अवघड नाही. समारंभ सकाळी नऊच्या आत घ्या, तासाभरात संपवा. भाषणे तीन पुरेत. सत्कारमूर्तीने घरून खाऊन निघावे, गोळ्या चुकवू नयेत, पाणी जवळ ठेवावे. पेढा प्रत्येकाच्या हातून खाल्लाच पाहिजे असे नाही. हातात घेऊन नमस्कार केला तरी मान राखला जातो.

दुसरी गोष्ट चार्ज देण्याची. कपाटाच्या किल्ल्या, साठा नोंदवही, हिशेब, हे सगळे शेवटच्या दुपारी उरकायचे म्हटले की रक्तदाब चढणारच. हे काम आठ दिवस आधी संपवावे. सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद तर काही महिने आधीच तपासावेत. नोकरीत मिळणारी वैद्यकीय बिलांची सवलत पुढे कशी राहील, याचीही चौकशी आधीच करावी. शेवटच्या दिवशी फक्त माणसांना भेटावे. शिपाई, स्वयंपाकी, झाडलोट करणाऱ्या मावशी यांचा निरोप आवर्जून घ्यावा. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. पण कोणी कधी अन्याय केला, बढती कोणी अडवली, याचा हिशेब माईकवर काढू नये. त्याने समोरच्याचे काही बिघडत नाही; आपली मात्र त्या रात्रीची झोप जाते.

खरी परीक्षा १ जूनच्या सकाळी असते. तीस-पस्तीस वर्षे ज्या वेळी अंघोळ करून डबा घेऊन निघायचे, ती वेळ येते आणि कुठे जायचे नसते. पहिले काही दिवस बरे वाटते. मग उठायला उशीर, दुपारी लांबलचक झोप, रात्री जाग, तंबाखूची पुडी वाढते, घरातल्यांवर चिडचिड होते. म्हणून उठण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ नोकरीत होती तीच ठेवावी. रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान पाच दिवस भरभर चालावे. शेती असेल तर उत्तम. पण वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात कुदळ हाणू नये. शिवाय दाखल्यावर ५८ असले तरी खरे वय साठ-एकसष्ट असू शकते. शरीर गुरुजींचा अंदाज मानीत नाही! डॉक्टरांना खरे वय सांगावे आणि रक्तदाब, साखर, डोळे त्याच महिन्यात तपासून घ्यावे.

हाती आलेल्या रकमेवर नातेवाइकांचा डोळा असतो. प्लॉट, गाडी, लग्न, उसनवारी याबाबत पहिले तीन महिने कोणालाही शब्द देऊ नये. पैशाच्या काळजीने उडालेली झोप औषधाने परत येत नाही.

शिक्षिका, परिचारिका भगिनींबद्दल वेगळे लिहावे लागते. त्या निवृत्त झाल्या की घरचे म्हणतात, ‘आता काय, मोकळ्याच आहात!’ आणि स्वयंपाकघर, नातवंडे, आजारी माणसे सारे त्यांच्या अंगावर पडते. एक नोकरी सुटते, दुसरी दुप्पट होते. त्यांच्या गुडघ्यांना आणि मनालाही विश्रांती लागते, हे घरच्यांनी ओळखावे.

उदासपणा, भूक न लागणे, झोप न येणे, ‘आता आपला काय उपयोग’ असे वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो स्वभावाचा दोष समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावरही बोलता येते.

शेवटी कचेरीतील आणि शाळेतील मंडळींना एक विनंती. निरोपाच्या दिवशी शंभर माणसे येतात, पण महिन्याभराने दारात कोणी नसते. भेटीसाठी वर्गणी काढताना त्यातल्या दोघांनी एवढे ठरवून टाकावे, की जूनअखेर आपण त्यांच्या घरी चहाला जायचे. जुन्या सहकाऱ्यांशी तासभर मोकळेपणाने बोलल्याने माणसाला जो धीर येतो, तो फेट्याने आणि मानपत्राने येत नाही.