आधी भिंत ओळखा, मग फळी लावा

आमच्या म्हैसुरात नवरात्र जवळ आलं की घरोघरी बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायची लगबग सुरू होते. हा ‘गोंबे हब्ब’. पायऱ्या विषम, 3, 5, 7 किंवा 9, आणि मानाची जागा लाकडी राजा-राणीची. ही ‘पट्टद गोंबे’ जोडी लेकीला लग्नात देतात. माझ्या सासूबाईंची जोडी सण संपला की ट्रंकेत जायची. ती वर्षभर दिसावी म्हणून मी हॉलमध्ये फ्लोटिंग शेल्फ लावलं, म्हणजे खाली आधार न दिसणारी फळी. शेजारी पितळी समई ठेवली, चार जाडजूड पुस्तकंही. तिसऱ्या आठवड्यात, मध्यरात्री, सगळं खाली आलं. राजाचा हात मोडला. दुपारी तिथेच सतरंजीवर माझी लेक खेळत होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

फळी शाबूत होती, स्क्रूही सरळ होते. दगा दिला तो भिंतीने. आमचं घर जुनं, विटा-चुन्याचं, गिलावा चांगलाच जाड. माझे दीड इंची प्लग जवळजवळ सगळे गिलाव्यातच बसले होते.

म्हणून तुम्ही आधी एक बारीक भोक पाडा आणि पडणारी पूड बघा. लाल आली तर वीट. करडी आली तर सिमेंटचा ब्लॉक किंवा काँक्रीट. पांढुरकी, पिठासारखी येत असेल आणि ड्रिल अगदी सहज आत जात असेल तर नव्या इमारतींतला हलका एएसी ब्लॉक. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि त्याच ब्लॉकसाठीचे प्लग मागून घ्या. जुन्या घरात मात्र पांढरट पूडच येत राहिली तर तुम्ही दोन विटांच्या सांध्यात आहात, इंच-दीड इंच वर सरका. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडूच नका, वायर तिथूनच जाते.

आता वजनाचं. असं शेल्फ म्हणजे बहुधा पोकळ पेटी. ती भिंतीवर ठोकलेल्या पट्टीवर सरकवतात. समजा 10 किलो वजन भिंतीपासून सरासरी 12 सेंटीमीटर पुढे आहे आणि स्क्रू पट्टीच्या खालच्या कडेपासून 4 सेंटीमीटर वर. तर स्क्रूंना बाहेर खेचणारी ओढ 30 किलोंची होते! स्क्रू 6 सेंटीमीटर वर घेतले तर 20. म्हणून पट्टी उंच हवी, शेल्फ कमी खोल. (आपले पूर्वज भिंतीतच कोनाडा ठेवत, त्यांना हा हिशेब करावाच लागला नाही.)

दुसऱ्या वेळी मी गिलावा सोडून पुढे निदान 2 इंच पक्क्या विटेत जातील असे लांब प्लग वापरले. लेव्हल लावूनच खुणा केल्या. जुन्या घरात जमिनीपासून मोजलंत तर फळी तिरकी दिसेल, कारण जमीनच सरळ नसते. मग पाण्याच्या लिटरच्या बाटल्या, एक बाटली साधारण एक किलो, नेहमीच्या वजनाच्या दुप्पट होतील इतक्या मांडून दिवसभर ठेवल्या. खाली कुणाला फिरकू दिलं नाही. संध्याकाळी पट्टी आणि भिंत यांच्यात कागदही सरकत नव्हता.

राजाचा हात फेव्हिकॉलने जोडलाय, जवळून पाहिलं तरच कळतं. जोडी पुन्हा फळीवर आहे. समई मात्र सासूबाई अजून तिथे ठेवू देत नाहीत.