नदीचा मासा आणि जड धातू: भोर-वेल्ह्यात किती काळजी करावी?

पावसाळ्याच्या तोंडाला भोर-वेल्ह्यात चढणीच्या माशांची वाट पाहिली जाते. नदी प्रदूषणाच्या बातम्या वाचल्या की मात्र घरात प्रश्न पडतो: नदीचा मासा खावा की नको? विशेषतः सून गरोदर असेल किंवा घरात लहान मूल असेल तर. उत्तर मासा कोणत्या पाण्यातला आहे यावर बरेचसे अवलंबून आहे.

पाणी कुठले?

भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी या धरणांत सह्याद्रीच्या डोंगरांतले पावसाचे पाणी येते. या धरणांच्या वरच्या अंगाला मोठी औद्योगिक वसाहत नाही. नीरा खाली शिरवळ-सारोळ्याकडे आली की काठाजवळ कारखाने आणि महामार्ग येतात. मुळा-मुठेची गोष्ट आणखी वेगळी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन ती भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे उजनीत साठते. भोरच्या बाजारातला मासा भोरच्याच धरणातला असेल असे नाही, म्हणून विक्रेत्याला विचारा.

‘पाणी चांगले’ म्हणजे मासा सुरक्षित?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रातील ५५ नदीपट्टे प्रदूषित ठरले, देशात सर्वाधिक. पण ही यादी मुख्यतः पाण्यातील सेंद्रिय घाणीच्या मोजमापावर, म्हणजे बीओडीवर ठरते. राज्य मंडळाचा जल गुणवत्ता निर्देशांकही सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि विष्ठेतील जिवाणू यांवरून काढतात. शिसे, कॅडमियम, पारा त्यात धरलेले नाहीत. त्यामुळे ‘चांगल्या’ शेऱ्यावरून मासा निर्धोक ठरत नाही आणि ‘प्रदूषित’ शेऱ्यावरून तो विषारी ठरत नाही.

माशाच्या मांसासाठी अन्न सुरक्षा कायद्यात वेगळी मर्यादा आहे: किलोमागे शिसे ०.३ मिलिग्रॅम आणि मिथाइल पारा ०.२५ मिलिग्रॅम. अडचण अशी की पाणी एक खाते तपासते आणि अन्न दुसरे. नदीकाठी टोपलीत विकला जाणारा मासा प्रयोगशाळेपर्यंत क्वचितच पोहोचतो. पाण्याबरोबर नदीतला गाळ आणि मासा यांचीही नियमित तपासणी होऊन तिचे निकाल जाहीर होणे, ही ग्रामपंचायतींनी करण्यासारखी रास्त मागणी आहे.

शरीरावर परिणाम

जड धातूंचा त्रास सहसा एका जेवणाने होत नाही. ते वर्षानुवर्षे साठतात. शिसे मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम करते, कॅडमियम मूत्रपिंडावर. मिथाइल पारा वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार कारखान्याच्या पाऱ्याने दूषित झालेले मासे खाल्ल्यामुळे झाला होता.

घरी काय करावे?

- माशाची आतडी, यकृत, कल्ले काढून टाका. शिसे आणि कॅडमियम तिथे जास्त साठतात.
- शिजवून, तळून किंवा आमसूल-लिंबू लावून धातू जात नाहीत. पारा मांसातच असतो, त्यामुळे साफ करूनही तो निघत नाही.
- मरळीसारखे दुसरे मासे खाणारे मोठे, जुने मासे कमी खा. लहान किंवा मध्यम आकाराचे रोहू, कटला, चिलापी बरे.
- कारखान्याच्या किंवा गटाराच्या नाल्याजवळ पकडलेला आणि मेलेला तरंगणारा मासा घेऊ नका.
- एकाच ठिकाणचा मासा रोज खाऊ नका. आठवड्यातून एक-दोनदा, आलटून पालटून खा.

गरोदर स्त्रियांनी आणि मुलांनी मासे पूर्ण बंद करू नयेत. त्यातील प्रथिने आणि ओमेगा-३ वाढीसाठी उपयोगी आहेत.

तपासणी कधी?

सर्वांनी रक्त तपासण्याची गरज नाही. मुलाची वाढ किंवा बोलणे मागे पडत असेल, हातापायांना सतत मुंग्या येत असतील, किंवा घरात कोणी बॅटरी, रंग, भंगाराचे काम करत असेल तर डॉक्टरांना भेटा. रक्तातील शिसे डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असल्यास त्याचा स्रोत शोधावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो स्रोत मासाच असेल असे नाही. भेसळीची हळद आणि खात्री नसलेली भस्मेही तपासावी लागतात. ‘धातू काढणारी’ औषधे मनाने घेऊ नका. त्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.