गॅरेजमधले कानसेन

गाण्यातल्या कानसेनांशी माझं भांडण नाही. ते फार तर मान डोलावतात, आपल्या खिशात हात घालत नाहीत. माझं भांडण आहे ते गॅरेजमधल्या कानसेनांशी.

वडिलांकडून वारशाने आलेली आमची कार्बुरेटरवाली गाडी मध्यंतरी उभ्या उभ्या हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागली. चढावर तिचा पिकअप माझ्याइतकाच! मेकॅनिकने बॉनेट उघडलं, डोळे मिटले, कान पुढे केला आणि समेवर यावं तसं म्हणाला, "साहेब, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल." खर्च चाळीस हजार. कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारा मी, बी. कॉम., मुकाट्याने 'बरं' म्हणालो आणि प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचा फॉर्म घरी आणला. सौ.ने तो पाहिला. म्हणाली, "बँकेत तुम्ही न मोजता कुणाला पैसे देता का?"

तेच तर! इंजिनातही मोजता येतं. टायरची हवा बघायच्या घड्याळाचं भावंडं शोभेल असं कॉम्प्रेशन गेज मिळतं. प्लगच्या जागी ते बसवायचं. पिस्टन वर येताना हवा किती दाबतो ते काटा पौंडांत सांगतो. मी ते विकत आणून मेकॅनिकच्या हातात ठेवलं.

"तीस वर्षांचा अनुभव आहे साहेब!" तो फुरंगटला.

असेल. इंजिन आजारी आहे हे कानाला कळतं, मान्य. पण चारांपैकी कोण आणि किती, हे कान कुठून सांगणार? आमच्या मॅनेजरसाहेबांनाही गिऱ्हाइकाच्या नुसत्या चालीवरून कर्ज बुडणार की नाही ते कळतं म्हणे. तरी कागद मागतातच ना!

अर्थात मोजायचं तर रीतीने. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, कॉइलची वायर काढलेली, चारही प्लग बाहेर, एक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच पाच-सहा ठोके. थंड इंजिनावर घाईत घेतलेला आकडा म्हणजे रोकड न मोजता लिहिलेली शिल्लक. शिवाय एकटा आकडा फारसं बोलत नाही, चौघांना शेजारी शेजारी उभं करावं लागतं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्याच्या पाऊणपटीखाली गेला, की तिथे गळती आहे असं खुशाल समजावं.

आमचे आकडे आले १५०, १४५, ९५ आणि १५०. चोर तिसऱ्या घरात! तिथे चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा चांगलाच चढला असता. तो कसाबसा ९८ वर गेला. म्हणजे ज्या रिंगांना चाळीस हजारांची शिक्षा फर्मावली होती, त्या निर्दोष! शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडले असते तर हेड गॅस्केटचा संशय घेतला असता. इथे एकटाच पडला होता, तेव्हा संशय व्हॉल्व्हवर. टॅपेट तपासले, तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती. बिचारा पुरता मिटतच नव्हता. फट नियमाप्रमाणे करून दिली, काटा १४० वर आला आणि गाडीची हुडहुडी गेली. खर्च चहापाण्यात बसेल इतका.

ते गेज मेकॅनिकने "दोन दिवसांसाठी" मागून घेतलं. आता त्याच्या गॅरेजात 'मशीनने तपासणी'चे वेगळे पैसे पडतात असं ऐकतो. गेज मात्र मी 'संशयित येणी' या खात्यात टाकून ठेवलं आहे.