कार्यकर्त्याने कादंबरी लपवू नये

चळवळीतला कार्यकर्ता कादंबरी वाचताना आढळला की ओशाळतो. पुस्तक उपडे ठेवून ‘सहज चाळत होतो’ म्हणतो. तेच पुस्तक जमीनसुधारणांवरचे असते तर त्याने ते काखेत मिरवले असते. तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे. कादंबरी म्हणजे चैन, या समजुतीत गांभीर्यापेक्षा आळसच अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कष्टकरी जनता’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो; पण त्या जनतेतली एखादी बाई संध्याकाळी चुलीपुढे बसून काय विचार करीत असेल, हे पत्रकात सापडत नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) ते सापडते. कौतिक ही शिंप्याची बायको. नवरा महादेव हातपाय हलवीत नाही, आणि संसार ओढण्याची जिद्द तिच्या एकटीची. ती कोणाचा जयजयकार करीत नाही, कोणत्याही मोर्चात जात नाही. कादंबरी दुःखाची आहे, मग तिला आनंददायक कसे म्हणावे, असे कोणी विचारील. तिच्यातली वऱ्हाडी बोली मोठ्याने वाचून पाहावी, म्हणजे उत्तर मिळेल. आपली झाडीबोली वेगळी. तरीही त्या संवादांतला टोमणा तिरोड्याच्या बाजारात कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मी या पावसाळ्यात पुन्हा वाचली. तिरोड्याहून नागपूरला सभेसाठी जाता-येता गाडीत संपेल एवढीच ती आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, एवढेच कथानक. गावाने मिळून तालीम बांधण्याचा त्यातला भाग प्रत्येक संघटकाने वाचावा. लोक श्रमदानाला का येतात, कशाने रुसतात, कोणाच्या एका शब्दाने वळतात, हे माडगूळकरांनी शिकवण्याचा आव न आणता दाखवले आहे. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते.

‘फकिरा’ची (१९५९) शिफारस करताना थोडा संकोच वाटतो, कारण १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्यांना ती करावी लागते हेच विचित्र आहे. हार घालणाऱ्यांपैकी कितींनी पुस्तक उघडले असेल? दुष्काळात उपाशी माणसे जगवण्यासाठी लूट करणाऱ्या मांगवाड्यातल्या वीराची ही कथा रात्री उशिरापर्यंत खाली ठेववत नाही. अलीकडच्या कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परततो. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले गोसीखुर्दचे विस्थापित ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मोबदल्याच्या तक्त्यात न बसणारे नुकसान कोणते, हे येथे कळेल.

आणि केवळ हसण्यासाठी श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ (१९६८). आपल्या भागात हिंदी सहज वाचली जाते, तेव्हा अनुवादाची वाट पाहू नये. शिवपालगंजचे वैद्यजी, त्यांचे कॉलेज आणि त्यांची सहकारी संस्था वाचताना आपल्या तालुक्यातली दोन-तीन नावे आठवतील. ती नावे येथे लिहीत नाही.

‘वाचायला सवड कोठे आहे?’ या आक्षेपाला क्यूबातल्या चिरूट कामगारांनी फार पूर्वी उत्तर दिले आहे. १८६५ च्या सुमारास हवानाच्या कारखान्यांत एक प्रथा पडली. हात तंबाखू वळीत राहत आणि उंच आसनावरचा वाचक वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. पुढल्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. ते धोकादायक आहे हे तिने बरोबर ओळखले होते. प्रथा मात्र मेली नाही. ‘माँते क्रिस्तो’ हे नामांकित चिरुटाचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आले, ते या वाचनामुळेच, असे सांगतात.

आपला हा विडीचा जुना पट्टा आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आता पूर्वीइतक्या नाहीत, पण आहेत. त्यांच्याकडे आपण सभेचे निमंत्रण घेऊन जातो, सह्या घेऊन परततो. एखाद्या दुपारी तेथे अर्धा तास ‘फकिरा’ वाचून दाखवायला काय हरकत आहे? क्यूबातले कामगार कोणती कादंबरी वाचायची हे मत देऊन ठरवीत. येथेही ते बायकांनीच ठरवावे, आणि त्यांनी आपली आवडती कादंबरी नाकारली तर मुकाट्याने दुसरी आणावी.