चिंच भांड्याला, नाण्याला नाही!

मेटल डिटेक्टर हा आपल्या कॉलेजातला सदाबहार मिनी प्रोजेक्ट. कॉइल गुंडाळायची, ऑसिलेटर जोडायचा, डेमोच्या दिवशी मातीत किल्ल्या पुरायच्या आणि सरांसमोर 'टूंsss' करून दाखवायचं. मार्क मिळाले की मात्र डोक्यात किडा वळवळतो. चला, गावच्या पांढरीवर फिरवून बघू! मागे आमच्या क्लासच्या ग्रुपवर असाच एक फोटो आला होता. एका बाजूला मातीने माखलेलं हिरवट नाणं, दुसऱ्या बाजूला तेच नाणं चिंचेने घासून लालबुंद. खाली पन्नास अंगठे. नाण्यावर काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. विचारूनही उपयोग नव्हता म्हणा, कारण काहीच उरलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आपल्याकडे नाणी डिटेक्टरपेक्षा नांगराला आणि विहीर खोदताना जास्त सापडतात. आणि सापडलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "घासून टाक ना बाप्पा, दिसन तरी कायचं हाये ते!" त्यांचा दोष नाही. तांब्याची घागर आपण पिढ्यानपिढ्या चिंचेनेच घासतो. पण घागरीवर वाचायचं काही नसतं, नाण्यावर असतं.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ साली, म्हणजे वाशिम अकोला जिल्ह्यात असताना, तिथे सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. सोनं नाही, चांदी नाही, साधं पोटीन. तांबं, कथील आणि शिशाची मिश्र धातू. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ही नाणी वाचली आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे पुढे आले. पुराणांतल्या यादीत ही नावं नाहीत! म्हणजे राजा होऊन गेला याचा पुरावा काय, तर तऱ्हाळ्याच्या मातीतली चकती.

गंमत पुढेच आहे. चकती छोटी आणि नाव लांब. त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण नाव क्वचितच उतरतं. एकावर सुरुवातीची दोन ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेपूट. अशी कितीतरी नाणी शेजारी ठेवावी तेव्हा नाव जुळतं. त्यातलं एक घासलं की कोड्यातला एक तुकडा गेला. तो नेमका कोणता, हेही कळणार नाही.

केमिस्ट्री पहिल्या वर्षाचीच आहे. जमिनीत शेकडो वर्षं राहिलेल्या तांब्याचा वरचा थर ऑक्साइड आणि कार्बोनेट होऊन बसतो. अनेकदा नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे अक्षरांची कडा, या थरातच असते. खाली नुसता खडबडीत धातू. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, लिंबातलं सायट्रिक आम्ल हा थर विरघळवतं. घासायची पावडर उरलंसुरलं खरवडते. आपल्यातले हुशार लोक तर चार्जर, मिठाचं पाणी आणि मेसमधला चमचा घेऊन इलेक्ट्रोलिसिस करतात! त्यात नाण्याची साल तर निघतेच, शिवाय क्लोरीन सुटतो आणि स्टेनलेस स्टीलच्या चमच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हॉस्टेलच्या रूममध्ये हे धंदे करू नयेत.

गडद, गुळगुळीत हिरवा थर नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावू नये. फिकट हिरवी, भुकटी सुटणारी ठिपकी दिसली तर तो रोग. आत क्लोराइड असतं, हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, ते पुन्हा तांबं खातं, आणि हे चक्र चालूच राहतं. अशा नाण्याला पाणीसुद्धा लावू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डबीत ठेवा. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली बसणाऱ्या संग्रहालयाच्या माणसाचं.

"पण घासल्याशिवाय ओळखायचं कसं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेने, जवळजवळ आडवा धरा. सावल्या पडतात आणि अक्षरं वर येतात. वजन लॅबच्या तराजूवर करा. कोणत्या शेतात, किती खोल, सोबत काय होतं, ते त्याच दिवशी लिहा.

आणि कायदा? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि ठेव्याचा जुना मालक पुढे आला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळू शकतं, हे मात्र कोणी सांगत नाही. गावात फक्त कैद माहीत असते. म्हणून नाणं तहसीलऐवजी मोडीत जातं आणि वितळतं. माझ्या मते चिंचेपेक्षा या भीतीने जास्त नाणी खाल्ली असतील. शिवाय सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला तर मोबदला काय, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश! पोटीनच्या भावात कुंभ सातकर्णी? हे कलम बदलायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर पुढच्या बॅचने डिटेक्टर सोडून दुसरा प्रोजेक्ट घ्यावा. एक काळी पेटी, चार कोपऱ्यांत चार एलईडी, वर मोबाइल. एकेक दिवा लावून चार फोटो काढायचे. पेटी घेऊन सुट्टीत गावी जायचं, घरोघरी डब्यात पडलेली नाणी जागच्या जागी टिपायची आणि नाणी मालकाला परत द्यायची. सर्किट मी काढून देतो. कॉइल गुंडाळायची नाही, हा त्यातला मोठा फायदा!